बाजार उठला की उठव

या, जरा जवळ सरका. दाराशी बसलेले तुम्हीही या आत, भिंतीला टेकायला जागा आहे. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगता येत नाही, आणि एकट्यानं ऐकूही नये. देवाचं नाव घेतो आणि सांगतो. पाहिलं ते पाहिलं म्हणेन, नुसतं ऐकलं ते ऐकलं म्हणेन, आणि जिथं माझं मलाच कळलं नाही तिथं तसं कबूल करेन. याहून जास्त वचन मला देता येत नाही.

माझं चष्म्याचं दुकान. त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, माझ्या थोरल्या भावाची कामाची खोली. दादा शेअरबाजारात रोजची खरेदी-विक्री करायचा. खोलीत एक लांब टेबल, त्यावर तीन स्क्रीन, दादाची खुर्ची, वहिनीचं स्टूल आणि मागच्या भिंतीला लागून एक तपकिरी रेक्झिनचा दिवाण. त्या दिवाणाच्या स्प्रिंगा कुरकुरायच्या. मी कितीदा म्हटलं, तेल सोड. तो म्हणायचा, "कुरकुरतो म्हणून तर मला जास्त झोप लागत नाही."

बाजाराचे तीन स्वभाव, हे मला दादानंच शिकवलं. चढता, उतरता आणि आडवा. चढत्या बाजारात गाढवही शहाणं ठरतं, असं तो म्हणायचा, आणि माझ्याकडे बघून, "तू येतोस का?" आडव्या बाजारात भाव वर जातो, ठरावीक जागी डोकं आपटतो, खाली येतो, ठरावीक जागी पाय टेकतो, की पुन्हा वर. महिनोन् महिने. मागच्या दिवसांच्या भावांची सरासरी दाखवणाऱ्या रेषेवर भरवसा ठेवणारे तिथं मार खातात. ती रेषा सांगते की आता निघाला, आणि तो कुठंच निघालेला नसतो. तिथं निघण्याची वाट बघायची नाही, झोका मोजायचा. चार्टच्या खाली एक बारीक रेषा शून्य ते शंभरात वरखाली हलत असते. सत्तरच्या वर गेली तर घेणारे दमले, तीसच्या खाली आली तर विकणारे दमले. तिचं इंग्रजी नाव काहीतरी आहे. दादा तिला झोकाच म्हणायचा.

आणि दादाची एक खोड. सगळे लोक हद्दीच्या रेषा माउसनं चार्टवर ओढतात. दादा मार्करनं थेट स्क्रीनच्या काचेवर मारायचा. वरची लाल, खालची हिरवी. भाव लाल रेषा फोडून वर निघाला, की बाजार उठला म्हणायचा. मी काचेचा माणूस, माझा जीव तुटायचा.

"अरे, काच आहे ती, फळा नव्हे."

"माउसची रेषा माझ्याच हातून सरकते," तो म्हणायचा. "मोह होतो. जरा खाली ओढली की सौदा बसतो. काचेवरची पुसायला ओला कपडा शोधावा लागतो, तेवढ्यात शहाणपण येतं."

वहिनी रोज दुपारचा डबा घेऊन यायची आणि बाजार बंद होईपर्यंत स्टुलावर बसायची. बघून बघून तिला चार्ट दादाइतकाच कळायला लागला होता. दादा हे कबूल करायचा, फक्त तिच्यासमोर नाही.

त्या दिवशीचं वहिनीनं नंतर सांगितलं तसं सांगतो. सिमेंटच्या एका कंपनीचा शेअर चार महिने त्या लाल-हिरव्या रेषांमध्ये येरझारा घालत होता. जेवण झालं. दादा म्हणाला, "डोकं जड झालंय. जरा आडवा होतो. बाजारही आडवाच आहे. तो उठला की मला उठव."

दिवाण कुरकुरला. वहिनी स्क्रीनसमोर बसून राहिली.

अडीचच्या सुमाराला वरून हाक आली, भावोजी. तशी हाक मी वहिनीच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. समोरच्या इमारतीतले डॉक्टर आले. हृदय झोपेतच थांबलं म्हणाले. त्यांना काही कळलंही नसेल, म्हणाले.

पंधरा दिवसांनी वहिनी खोलीची किल्ली मागायला दुकानात आली. मी म्हटलं, सामान आवरायचं असेल, मी येतो मदतीला. ती म्हणाली, "आवरायचं कशाला? बाजार अजून आडवाच आहे."

मला वाटलं, दादाचं राहिलेलं काम पुरं करत्येय. बरं आहे, मन गुंतेल. माणूस दुःखात असला की आपण सोयीचं तेवढंच समजतो, देव क्षमा करो.

ती रोज सकाळी बाजार उघडायच्या आत यायची. दादाच्या खुर्चीत कधी बसली नाही, स्टुलावरच. हिरव्या रेषेला भाव टेकला, झोका खाली आला, की एक शेअर घ्यायची. लाल रेषेला टेकला की तोच विकायची. एकच.

"एका शेअरनं काय होतं, वहिनी?"

"कुणीतरी जागं आहे एवढं तर कळतं."

कुणाला कळतं, ते मी विचारलं नाही.

दादा गेल्यावर सातव्या महिन्यात माझ्या पुतणीचा, त्याच्या लेकीचा, फोन आला. ती दूरच्या गावी असते. दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला तिच्या हाती मूल लागलं नव्हतं, तेव्हा आई जवळ होती म्हणून पोरगी सावरली. या वेळी डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला.

"काका, तीन आठवडे राहिलेत. आईला आणून सोडा."

"तू बोललीस तिच्याशी?"

"रोज बोलते. म्हणते, बाजार उठला की मीही उठते. हे काय बोलणं झालं? बाबा तर यायचे नाहीत. निदान जिला येता येतं तिनं तरी यावं." आवाज चढला आणि मध्येच बारीक झाला. "काका, मला भीती वाटते. आई नसली तर या वेळीही तसंच होईल असं वाटत राहतं. वेडेपणा आहे, माहीत आहे."

मी दुकान बायकोवर सोपवून वर गेलो. दुपारची वेळ, खिडकीतून लख्ख उजेड. वहिनी पाठमोरी. मी दिवाणाच्या कडेला उभा राहून शब्द जुळवत होतो. स्क्रीनवर भाव हळूहळू उतरला आणि हिरव्या रेषेला टेकला.

माझ्याशेजारी दिवाण कुरकुरला.

हलका नाही. जड माणूस झोपेत वळतो तसा, आधी खांद्याकडून, मग कमरेकडून.

"कूस बदलली," वहिनी मागे न बघता म्हणाली. "भाव खाली टेकला की आपल्याकडे तोंड करतात. वर टेकला की भिंतीकडे."

मी हात लावला. सांगताना आजही तळवा मिटून घ्यावासा वाटतो. तिथं ऊन पोचत नाही, आणि रेक्झिन कोमट होतं. मधोमध खळगा होता, माणसाच्या लांबीचा. सात महिन्यांत भरून यायला हवा होता.

"वहिनी, पोरगी वाट बघते आहे."

"मी कुठं नाही म्हणते? पण मला सांगून झोपलेत ते. बाजार उठला की उठव. तो उठेना, मी तरी काय करू?"

"कधी उठणार?"

"बघा की तुम्हीच."

बघण्याचाच माझा धंदा. लोक चष्म्याच्या तक्त्यावरचं मोठं अक्षर वाचून खूश होतात, मी सगळ्यात खालची ओळ वाचायला लावतो. मी स्क्रीनजवळ वाकलो. लाल रेषेच्या शेजारी, उजव्या कडेला बारीक आकडा होता, सहाशे अकरा. दादा असताना त्या रेषेचा आकडा मला पाठ होता, कारण तो दिवसातून दहा वेळा घोकायचा. चारशे ब्याऐंशी.

खाली आलो आणि दादाच्या धंद्यातल्या एका मित्राला फोन लावला. त्याला सगळे सत्तर म्हणतात. झोका सत्तरला गेल्याशिवाय तो विकत नाही, आणि दादा म्हणायचा तसं, सत्तर झाल्याशिवाय तो शिंकतही नाही. मी विचारलं, रेषा जागच्या जागी, भाव रेषेच्या आत, आणि आकडा मात्र बदललेला, हे कसं?

"उजवीकडच्या आकड्यांच्या मापाचं कुलूप निघालं असणार," सत्तर म्हणाला. "कुलूप नसलं की चार्ट स्वतःला काचेत बसवून घेतो, चष्मेवाल्या. भाव पळो की पडो, स्क्रीनच्या बाहेर जातच नाही. माउसची रेषा चार्टबरोबर सरकते. काचेवरची कशी सरकणार? तुझा दादा म्हणून तर रोज सकाळी आधी कुलूप बघायचा. थांब, त्या शेअरचा चार्ट काढतो." जरा वेळ नुसत्या खटखटीचा आवाज. "हे बघ, झोकाच सांगतो. आडव्या बाजारात तो तीसपर्यंत उतरतो. इथं सात महिने चाळिसाच्या खाली आलेला नाही, आणि सत्तरच्या वर सारखा जातोय. असा झोका चढत्या बाजारातच असतो. हा बाजार आडवा नाही रे. कधीच उठलाय."

"कधी?"

त्यानं तारीख सांगितली. मग वेळ सांगितली. दोन वाजून वीस मिनिटं. दादा गेला त्याच दिवसाची, तो दिवाणावर असतानाची.

"तिला सांगू नकोस," सत्तर म्हणाला. "मी येतो उद्या. आपण मिळून काहीतरी बघू."

त्या रात्री मला एकच दिसत होतं. हे तिला कळलं तर पोरीकडे जायचं राहिलं बाजूला, ही बाई जगायची नाही. आणि नाही कळलं तर ती रेषा कधीही फुटणार नाही. भाव आभाळाला टेकला तरी काचेत मावेल, आणि वहिनी स्टुलावर बसून राहील. पोरगी तिकडे एकटी. देवाला म्हटलं, मला दोन्हीकडून अडवलंस, आता वाट तूच दाखव.

दुसऱ्या दिवशी सत्तरची वाट न बघता मी वर गेलो. आदल्या दिवसापेक्षा कुरकुर वाढली होती. मी दारात असतानाच दोनदा झाली.

"वहिनी, ती लाल रेषा किती भावावर आहे?"

"चारशे ब्याऐंशी."

"तिच्या शेजारी काय लिहिलंय?"

तिनं माउसवरचा हात काढला. मग म्हणाली, "मला अजून चष्मा लागलेला नाही, भावोजी. तुम्हीच तपासले होते डोळे."

मी खाली जमिनीवर बसलो. खुर्चीत बसायची हिंमत नव्हती आणि दिवाणावर तर नाहीच.

"दोन वीसला फुटली," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा, भाजी काय आणली सांगावं तसा. "मी बघितलं. भाव लाल रेषेवर गेला, जरा थांबला आणि निघाला. झोका सत्तरच्या वर जाऊन तिथंच बसला. चार महिने ज्याची वाट बघत होते ते. मी वळून बघितलं. घोरत होते. चार दिवस धड झोप नव्हती त्यांना. म्हटलं, दहा मिनिटं. बाजार काय, रोजच आहे. दहा मिनिटं झोपू दे माणसाला."

"वहिनी."

"दहा मिनिटांनी घोरणं थांबलं होतं. मला वाटलं, जागे झाले आपणहून."

"डॉक्टर म्हणाले होते, काही करता आलं नसतं."

"डॉक्टरांना काय माहीत, मला उठवायला सांगितलं होतं ते? कुणाला सांगितलंच नाही मी." तिनं माउसवर हात ठेवला. "तुम्ही जिन्यात लोकांना हाका मारत होतात तेव्हा मी कुलूप काढलं. एक टिचकी. चार्ट खाली बसला, भाव पुन्हा रेषेच्या आत आला. म्हटलं, बघ, नाही उठला अजून. म्हणजे माझं काही चुकलेलं नाही. म्हणजे ते नुसते आडवे झालेत."

दिवाण कुरकुरला. लगेच पुन्हा. भाव कुठल्याच रेषेला टेकलेला नव्हता.

"आधी दिवसातून दोनदा व्हायचं," वहिनी म्हणाली. "मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आता सारखं चालू आहे. काय हवंय त्यांना, तेच कळत नाही."

खरं सांगतो, मला भीती वाटत होती. पण तिनं विचारलं आणि मला माझा भाऊ आठवला, लहानपणापासूनचा, शेजारच्या अंथरुणातला. एका अंगावर तासभर झोपला की कण्हायचा.

"त्याची पाठ, वहिनी," मी म्हटलं. "सात महिने पडून आहे तो. पाठ दुखत असेल त्याची."

तिनं तोंडावर पदर दाबला. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. थोड्या वेळानं डोळे कोरडे असूनही तिनं ते पुसले आणि माउस सरकवला. मापाच्या कोपऱ्यात जुने आकडे घातले, एकेक करून, आणि कुलूप लावलं.

चार्ट गेला. डोळ्यांदेखत वर सरकला आणि स्क्रीनच्या बाहेर गेला. उरली रिकामी काच, तिच्यावर एक लाल रेषा, एक हिरवी रेषा, आणि मध्ये काही नाही. खाली झोका तेवढा एकटा हलत होता.

"मी हाक मारू का?" मी विचारलं.

"नको. मला सांगितलं होतं."

ती दिवाणापाशी गेली. वाकली. उजवा हात खळग्यावर अधांतरी धरला, झोपलेल्याच्या खांद्यावर ठेवावा तसा. मग म्हणाली, "अहो." मग थांबली. मग म्हणाली, "अहो, उठा. बाजार उठला. मला उशीर झाला हो सांगायला. उठा आता."

खोलीत इतकी शांतता होती की मला खाली दुकानात बायको काच पुसत होती तो फडक्याचा आवाज आला.

एक स्प्रिंग वाजली. डोक्याकडची. मग बऱ्याच वेळानं कमरेकडची. जड शरीर उठून बसतं, पाय खाली सोडतं, जरा वेळ तसंच बसून राहतं, तेवढा वेळ गेला. मग सगळ्या स्प्रिंगा एकदम सुटल्या आणि खळगा भरून आला. पाव वर येतो तसा हळूहळू, सुरकुत्या पसरत. वहिनीचा अधांतरी हात वरवर जात राहिला. कुणाच्या तरी खांद्याबरोबर. तिच्या डोक्याच्या उंचीला आला, तिथून पुढे सरकला आणि खाली पडला.

हे मी पाहिलं. जे पाहिलं नाही ते आता सांगतो.

दार उघडंच होतं. दारात कुणी आलं नाही, गेलं नाही. पण थोड्याच वेळात जिन्यावर पावलं वाजली आणि सत्तर आत आला. भिंतीच्या चुन्यानं त्याचा एक खांदा पांढरा झाला होता.

"कोण होतं वर?" त्यानं विचारलं.

"आम्ही दोघंच. का?"

"कुणीतरी उतरत होतं. जिना अरुंद, म्हणून मी भिंतीला चिकटून वाट दिली." त्यानं खांद्यावरचा चुना झटकला. "अंगाला अंग घासून गेलं, चष्मेवाल्या. मग मी मान वर करून बघितलं."

"मग?"

"तेच तर तुला विचारतोय."

वहिनीनं त्याला स्टूल सरकवलं आणि पाणी दिलं. मग मला म्हणाली, "भावोजी, सकाळची गाडी किती वाजता आहे ते बघा. आणि पोरीला मीच फोन करते, तुम्ही करू नका. तुम्ही घाबरवाल तिला."

ती गेली. अठरा दिवसांनी पोरीला मुलगी झाली. दोघी सुखरूप, देवाची दया. वहिनी तिकडेच रमली आहे असं सगळे म्हणतात. पण पुतणी एक गोष्ट मला फोनवर हळूच सांगते. दुपारी घर निजतं तेव्हा आई निजत नाही. बाळ निजलं की ती पाळण्याशी बसते आणि मधून मधून वाकून श्वास ऐकते. कुणी म्हटलं, आई, जरा पड, तर म्हणते, तुम्ही झोपा, मी आहे.

खोलीत आता दुसरं कुणी काम करतं. दिवाण मी कुणाला दिला नाही आणि मोडलाही नाही. माझ्या दुकानाच्या मागच्या बाजूला आहे तो. मी त्यावर कधी बसत नाही. गिऱ्हाईक बसतात आणि म्हणतात, छान आहे, आवाज करत नाही.

गोष्ट इतकीच. आता तुमच्याकडे एक मागणं आहे. दादाची आठवण मी ठेवतो, तेवढं माझ्यानं होतं. तुम्ही रात्री हात जोडाल, आपापल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा माझ्या वहिनीला त्यांत घ्या. नाव माहीत नसलं तरी चालेल. जिनं दमलेल्या नवऱ्याला दहा मिनिटं झोपू दिलं ती बाई, एवढं म्हणा. देव समजेल कुणाविषयी बोलताय ते.